कार्थेज : भरावाखाली वाचलेली गल्ली

ट्युनिसियाच्या राजधानीतून, ट्युनिसहून, किनाऱ्याने जाणाऱ्या लोकलच्या एका स्टेशनाचं नावच 'कार्थेज हॅनिबल' आहे. तिथे उतरून बिर्सा टेकडी चढायला लागलो. दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र बंगले, कुंपणावरून ओसंडणारी बोगनवेल. कार्थेज म्हणजे रोमचं प्रतिस्पर्धी, दर्यावर्दी शहर. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी ते जिंकून जाळलं, तेव्हा याच चढावर सहा दिवस-रात्र घराघरातून कापाकापी चालली होती, हे पटता पटत नाही.

पुढे सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमनांनी इथेच आपलं शहर वसवलं. त्यासाठी टेकडीचा माथा छाटला आणि माती उतारावर लोटली. माथ्यावरचं सगळं गेलं. उतारावरची घरं मात्र त्या भरावाखाली टिकली. जाळणाऱ्यांनीच जपून ठेवली म्हणायची! या वस्तीला रोमशी लढलेल्या कार्थेजच्या सेनापतीचं, हॅनिबलचं नाव आहे, कारण ती त्याच्याच काळातली. अरुंद बोळ, चढावर पायऱ्या आणि घराघराखाली गिलावा केलेली लांबट टाकी. आपल्या गडांवरच्या टाक्यांसारखाच सगळा भरवसा पावसाच्या पाण्यावर. एका टाक्याच्या काठाशी वाकून पाहिलं, तर गिलावा अजून गुळगुळीत.

मला खरा राग येतो तो लढाईआधीच्या लबाडीचा. रोमने आधी शस्त्रं मागितली. कार्थेजने दोन लाख माणसांची शस्त्रसामग्री आणि दोन हजार गोफणयंत्रं निमूट देऊन टाकली. मग हुकूम आला : शहर सोडा, समुद्रापासून पंधराएक किलोमीटर आत जाऊन राहा. दर्यावर्दी लोकांना! तेव्हा कुठे शहर पेटून उठलं. नव्या यंत्रांच्या दोरांसाठी बायकांनी केस कापून दिले, असं प्राचीन इतिहासकार ॲपियन लिहितो. (रोमनांनी शेतांत मीठ पेरल्याची प्रसिद्ध गोष्ट मात्र एकाही प्राचीन लेखकाने सांगितलेली नाही.)

खाली उतरून बंदराकडे गेलो. बंदर कसलं, बंगल्यांच्या मधलं गोल तळंच ते, मध्ये छोटंसं बेट. इथे २२० युद्धनौका मावत, यावर विश्वास बसेना. पण बेटावर आणि काठाने एकेका नौकेचा गाळा होता, हे उत्खननात दिसलं आहे. रोमन सेनापती स्किपिओने बांध घालून तोंड बुजवलं, तर आतल्यांनी गुपचूप दुसरं तोंड खोदून पन्नास जहाजं बाहेर काढली. रोमन चक्रावले, पण यांनी त्याच दिवशी हल्ला केला नाही. संधी गेली ती गेलीच.

एकाच तिकिटावर बरीच स्थळं पाहता येतात, पण ती लांब लांब आहेत. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. सावली जवळजवळ नाहीच.