तुम्ही विचारलंत म्हणून: नागपूरचा मे महिना आणि घरातली मुलं

"दोन महिने मुलांना कमी पैशांत कशात गुंतवायचं?" एप्रिल संपत आला की हा प्रश्न येतोच. रामन विज्ञान केंद्र, अजब बंगला, महाराजबाग तुम्हालाही ठाऊक आहेत. तीन दिवसांत ते बघून होतं आणि आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. सकाळ-संध्याकाळ मुलं बाहेर खेळतात, त्याची मला काळजी नाही. अडचण अकरा ते पाचची आहे. पारा ४५च्या आसपास, दारं बंद, कूलर चालू.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी दरवर्षी सांगते: कोरड्या उन्हाशी भांडणारे खेळ इथे फसतात, उन्हाच्या जोरावर चालणारे टिकतात. मुंबईकडच्या खेळांच्या याद्या आपल्याकडे का चालत नाहीत, ते यातच आलं.

साबणाचे फुगे घ्या. दुपारी गच्चीवर ते नळीच्या टोकालाच फुटतात, कारण फुग्याच्या पातळ पडद्यातलं पाणी कोरड्या हवेत लगेच उडून जातं. एक ग्लास पाणी, दोन मोठे चमचे भांड्यांचा लिक्विड साबण आणि एक चमचा ग्लिसरीन घ्या. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. बोअरचं जड पाणी नको. हा खेळ सकाळी सहाचा. दुपारी करायचाच असेल, तर कूलरच्या खोलीत, पण वाऱ्याच्या झोतापासून दूर.

याउलट कागदाच्या लगद्याचं काम मे महिन्यातच करावं. एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, मंद आचेवर खळ शिजवा. मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण ते विष आहे. मुलांच्या हाताशी नको. रद्दीच्या पट्ट्या स्टीलच्या वाडग्यावर तेलाचं बोट फिरवून चिकटवा. फुग्यावर चिकटवायला सांगतात, ते ऐकू नका. उन्हात फुग्यातली हवा प्रसरण पावते आणि अर्धवट वाळलेला कागद तडकतो. एका वेळी दोनच थर द्या आणि सावलीत वाळवा. थेट उन्हात वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि वाडगा वाकडा होतो.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. नागपूर २१.१५ उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. त्यातला पहिला दिवस २६ मेच्या सुमाराला, नवतपा, म्हणजे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकता लागलेला असताना. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसत नाही. दुसरी वेळ जुलैच्या मध्यात येते, पण तेव्हा ढग असतात.

त्या दिवशी मध्यान्हीला सावली नाहीशी होते. ती मोजायला सगळे काठी रोवायला सांगतात. काठी एक अंशाने कलली तरी एक मीटर उंचीवर पावणेदोन सेंटिमीटरची चूक होते आणि सगळं मोजमाप वाया जातं. त्याऐवजी गच्चीवरच्या कपड्यांच्या तारेला दोरा बांधून खाली जड नट लोंबकळत ठेवा, जमिनीला टेकेल न टेकेल असा. ओळंबा आपोआप सरळ राहतो. जमिनीपासून एक मीटरवर दोऱ्यात पुठ्ठ्याची रुपयाएवढी चकती ओवा. सकाळी वारा नसताना नटाखाली खडूने फुली मारा. त्या दिवशी तारेवर ओले कपडे नकोत, तार झुकते. लू, म्हणजे गरम वारा, सुटली की दोरा हलतो. म्हणून नट जडच हवा.

मध्यान्ह आपल्याकडे बाराला होत नाही, मेमध्ये साधारण १२ वाजून १० मिनिटांनी होते. तेव्हा चकतीच्या सावलीच्या मध्यापासून फुलीपर्यंतचं अंतर मोजायचं. १ मेला सुमारे ११ सेंटिमीटर, उत्तरेला. १५ मेला ४. २६ला चकतीची सावली फुलीवरच. मग ती दक्षिणेकडे निघते आणि २१ जूनला, ढग नसतील तर, ४ सेंटिमीटर दक्षिणेला असते. कडा पुसट दिसतात, कारण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून टोक न मोजता मध्य मोजायचा. सावली मिनिटाला चार मिलिमीटर पूर्वेकडे सरकते. मुलांना ती नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसते, आणि तिथे त्यांना कोणी गप्प बसवायची गरज पडत नाही.

पायात चप्पल, डोक्याला ओला दुपट्टा, पाच मिनिटं, आणि सूर्याकडे बघायचं नाही. खर्च दोऱ्याचा आणि नटाचा.

"पाच मिनिटं झाली, उरलेल्या सहा तासांचं काय?" हेही विचारता. आलेख काढायचा, पुढच्या रविवारचा आकडा प्रत्येकाने आधी लिहून ठेवायचा. भांडणं त्यावरच होतात आणि ती होऊ द्यावीत. दोन ते चारमध्येही काहीतरी करवून घ्या, असं माझं पूर्वीचं उत्तर होतं. आता मी ते देत नाही. त्या वेळात मोठ्यांचंही डोकं चालत नाही, टीव्ही लागला तर लागू द्या. पण पूर्वीचं उत्तर चूक होतं असंही मला म्हणवत नाही. ज्या घरात दोन वाजता मुलांना कैऱ्या किसायला बसवतात, तिथे चारपर्यंत टीव्हीची आठवण निघत नाही.