मराठीतून इंग्रजी का शिकवते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इंदूरच्या सुदामानगरातल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासमध्ये मुलाचं नाव घालायला आलेले आईवडील विचारतात, लग्नकार्यात भेटलेले नातेवाईकही विचारतात, "ताई, इंग्रजी शिकवताना मध्ये मराठी कशाला आणता? मुलांना इंग्रजीतच विचार करू द्या ना!" इथल्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगवाल्यांच्या पाट्यांवरही हेच लिहिलेलं असतं. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदा सगळं सांगते.

इंदूरचं मराठी मूल घरी मराठी बोलतं, शाळेत आणि गल्लीत हिंदी. इंग्रजी वाक्य त्याच्या तोंडी येतं ते या दोन्ही भाषांमधून वाट काढत. मी वर्गात मराठीचा एक शब्द उच्चारला नाही तरी ती त्या वाक्यात असतेच.

शाळेच्या पुस्तकांत सर्वनामं एका धड्यात, क्रियापदं दुसऱ्यात, प्रिपोझिशन्स तिसऱ्यात. बोलताना ती एकमेकांत अडकून एकदमच येतात. म्हणून गाळलेल्या जागांत पैकीच्या पैकी मिळवणारं पोर तोंड उघडलं की म्हणतं, "माय टू ब्रदर्स आर देअर." कारण आपल्याकडे मला भाऊ असतात, माझ्याकडे स्कूटर असते, माझ्यात धीर असतो. नातं, वस्तू, गुण, प्रत्येकाची सोय आपण वेगळी लावतो. इंग्रजी या सगळ्यांना एकच 'हॅव' लावते आणि 'आय'ला कर्ता करून पुढे बसवते. मराठी वाक्यं शेजारी मांडल्याशिवाय हे कसं दाखवायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता त्या मुलीबद्दल. नाव सांगणार नाही. बी.एड. झालेली, कॉलेजात इंग्रजीत चांगले गुण. एका खासगी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. घरी कोण कोण असतं, असा साधा प्रश्न आला. तिची आजी अंथरुणाला खिळलेली, आणि आजीचं सगळं करता यावं म्हणून वडिलांनी नोकरी सोडलेली. मुलीला वडिलांचा फार अभिमान. तेच सांगायला ती म्हणाली, "माय फादर लुक्स ॲट हर मदर."

समोरच्या एकानं विचारलं, "हूज मदर?" तिला वाटलं नीट ऐकू गेलं नसेल. तिनं मोठ्यानं पुन्हा सांगितलं, "हर मदर, सर." तेव्हा दुसरा हिंदीत म्हणाला, म्हणजे तुमचे वडील कुठल्या बाईच्या आईकडे बघत बसतात? सगळे हसले. पुढच्या प्रश्नांना तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी येऊन तिनं ते वाक्य वहीत लिहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी ती वही घेऊन वडिलांबरोबर माझ्याकडे आली.

मी वाक्य वाचलं आणि मला राग आला, त्या हसणाऱ्यांचा. 'आईकडे बघतात' हे आपलं घरातलं चांगलं मराठी आहे. त्या बघण्यात सांभाळणं आलंच. इंग्रजीत 'लुक'ला 'ॲट' जोडलं की नजर, 'फॉर' जोडलं की शोध, 'आफ्टर' जोडलं की सांभाळ. आणि 'हर' कुठून आलं? एरवी आपण त्याची आई आणि तिची आई असा फरक करतोच. पण वडिलांना 'त्याची' म्हणायचं नाही, 'त्यांची' म्हणायचं. मान दिला की आई पुरुषाची की बाईची हे त्या शब्दात दिसेनासं होतं. दिसते ती फक्त 'ची', आणि ती 'आई' हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून. हिंदीतही 'उनकी माँ', 'अपनी माँ', तेच. इंग्रजी बघते ते फक्त आई कुणाची एवढंच: पुरुषाची तर 'हिज', बाईची तर 'हर'. मुलीनं धरलं ते आईचं स्त्रीलिंग. दोन भाषांचे नियम इमानानं पाळून ती तिसरीत बोलली होती.

मी हे उलगडून सांगत असताना वडील गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, म्हणजे ते माझ्या आईला हसले नाहीत ना?" मी नाही म्हटलं. मुलगी रडायला लागली.

तरुणपणी मीही वर्गात मराठी बोलू देत नसे, आणि माझ्यातली तेव्हाची ती बाई माझ्याशी अजून भांडते. म्हणते, वाक्यागणिक विभक्ती तपासत बसली तर मुलं बोलणार कधी? चुकतमाकत धडाधड बोलणाऱ्यांनाच नोकऱ्या मिळतात. हे खोटं नाही. माझी काही मुलं खरंच वाक्याच्या मध्येच थांबतात, छताकडे बघतात. मी तिला सांगते, कान तयार व्हायला घरीदारी इंग्रजी लागतं, आमच्या पोरांना दिवसाचा एक तास मिळतो. तिला ते पटत नाही. काही दिवस मलाही पटत नाही.

पण मराठी नुसती आडच येते असं कुणी म्हटलं की मी ऐकून घेत नाही. 'ही हिट मी ऑन द हेड' यातलं 'मी' आणि मागचं 'द हेड' हिंदी माध्यमाच्या मुलांना विचित्र वाटतं. डोकं माझं, मग 'माय' कुठे गेलं? मी विचारते, घरी काय म्हणता? 'त्यानं मला डोक्यात मारलं.' तिथे तरी 'माझ्या' कुठे आहे? वर्ग क्षणभर गप्प होतो, मग एकेकाचा चेहरा खुलतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही आपल्यासारखीच विभक्ती होती, हे सांगितलं की मुलांना ती भाषा एवढी परकी वाटत नाही. पुढे प्रत्यय झिजले आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमानं आणि प्रिपोझिशन्सनी उचललं. 'ही, हिम, हिज'मध्ये त्या विभक्तीच्या खुणा उरल्या. नामाला लागणारा ॲपॉस्ट्रॉफी एस म्हणजे त्यांची जुनी षष्ठीच. क्रम एवढा महत्त्वाचा का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. कुठला शब्द कुठे बसतो ते तेवढं लक्षात ठेवायचं: 'पिक मी अप'मध्ये 'मी' मधे बसतं, 'लुक आफ्टर मी'मध्ये शेवटी. 'वन माय फ्रेंड'चं 'अ फ्रेंड ऑफ माइन' व्हायला मात्र महिने लागतात, माझ्याकडेसुद्धा.

ती मुलगी आता 'लुक्स आफ्टर हिज मदर' न अडखळता म्हणते. अर्ज भर म्हटलं की विषय बदलते. तुमच्या पद्धतीनं तिची भीती गेली का, असं विचाराल तर नाही गेली. थेट इंग्रजीत विचार करायला लावून ती कशी गेली असती, तेही तुम्ही मला एकदा सांगा.