भाचीच्या पदवीचं नाणं: दोन महिन्यांच्या नोंदी

पहिला आठवडा

भाचीची पदवी दोन महिन्यांवर आली. विषय भूशास्त्र. मामा चांदीचं नाणं देणार हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलंय, तेव्हा प्रश्न उरला तो कोणतं एवढाच. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. माझा जीव मॉर्गन डॉलरवर, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरवर आहे, हे इथे वेगळं सांगायला नको. १८७८ ते १९०४ आणि मग पुन्हा १९२१मध्ये पाडलेलं नाणं, २६.७३ ग्रॅम, नव्वद टक्के चांदी. १९१८च्या पिटमन कायद्याखाली सत्तावीस कोटींच्या वर डॉलर वितळवले गेले, त्यातून वाचलेलं एक तिच्या हातात पडणार, अशी माझी कल्पना. ताईला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुला हवंय की तिला?"

मॉर्गन रद्द. निदान सध्यापुरता.

दुसरा आठवडा

यादी नव्याने केली. अमेरिकन ईगल, १९८६पासूनचा. पुढच्या बाजूला शिल्पकार वाइनमनची चालती लिबर्टी (स्वातंत्र्यदेवता), जी मुळात १९१६च्या अर्ध्या डॉलरवरची. देखणं नाणं आहे, पण कुणालाही कधीही देता येईल असं. कॅनडाचं मेपल लीफ शुद्धतेत सरस, .९९९९, आणि पांढऱ्या दुधाळ डागांसाठी तितकंच बदनाम. २०१८पासून त्यावर उपाय म्हणून वेगळी प्रक्रिया केली जाते, तरी जुन्या वर्षांचं घेताना छातीत धडधडतंच. चीनचा पांडा दरवर्षी नवं चित्र आणतो (२००१ आणि २००२चा अपवाद), पण २०१६पासून तो औंसाऐवजी (चांदीचा औंस ३१.१० ग्रॅमचा) ३० ग्रॅमचा झाला. ऑस्ट्रियाच्या फिलहार्मोनिकवर ऑर्गन आणि वाद्यं. भाचीला सूर आणि कर्कश भोंगा यांतला फरक कळत नाही, हे प्रेमाने लिहितोय.

मध्येच एक रात्र घुबडाने खाल्ली. अथेन्सचं जुनं नाणं, साधारण १७ ग्रॅम वजनाचं, ज्ञानदेवता अथीनाचा पक्षी, आणि आजच्या ग्रीसच्या एक युरोवरही तेच घुबड. पदवीला याहून चपखल काय? पण जुनं अस्सल घ्यायचं तर ते कुठून कसं आलं याचे कागद हवेत, आणि नकलांचा सुळसुळाट आहे. शिवाय मुलीच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवशी तिच्या हातात घुबड ठेवून "घे, तुझ्यासाठी" म्हणायची माझी छाती नाही.

तिसरा आठवडा

सापडलं. तेही माझ्याच अल्बममध्ये, जिथे ते कित्येक वर्षं पडून होतं: मेक्सिकोचं लिबर्ताद, एक औंस चांदीचं नाणं.

मी ते विकत घेतलं होतं ते पंखवाल्या विजयदेवतेसाठी. तिच्या मागे दोन डोंगर आहेत, ते मी कधी नीट पाहिलेच नव्हते. भिंगाखाली धरून बसलो. पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सीवात्ल, दोन्ही ज्वालामुखी. पहिल्याच्या नावाचा अर्थच धुमसणारा डोंगर, आणि डिसेंबर १९९४मध्ये तो दीर्घ झोपेतून जागा झाला तो आजतागायत धुमसतोय.

मग देवतेच्या मागे लागलो. ती मेक्सिको सिटीतल्या स्वातंत्र्यस्तंभावरची. स्तंभाचं उद्घाटन १९१०मध्ये झालं. २८ जुलै १९५७च्या भूकंपात ही मूर्ती वरून खाली कोसळून फुटली, आणि दुरुस्त करून पुन्हा चढवली. इतकंच नाही. हे शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं, त्यामुळे भोवतालची जमीन खचत गेली. खोल पाया घातलेला स्तंभ मात्र जागच्या जागी. मधलं अंतर भरून काढायला पायथ्याशी चौदा पायऱ्या वाढवाव्या लागल्या.

ज्वालामुखी, भूकंप, भूस्खलन... नाही, भूस्खलन चुकीचं, जमीन खचणं वेगळं. भाची मला यावरून सोलून काढेल. तर ज्वालामुखी, भूकंप आणि जमीन खचणं, तिन्ही ४० मिलिमीटरच्या चकतीत. ताईला फोन केला. ती म्हणाली, "आता कसं तिचं वाटतंय."

चौथा आठवडा

वर्ष कोणतं? पदवीचं वर्ष घेणं सोपं, नवंकोरं मिळतं. १९९४चं घ्यावं, ज्वालामुखी जागा झाला त्या वर्षाचं, असा मोहही झाला. पण ती हुशारी माझीच ठरली असती, शिवाय १९९५पर्यंतचं एक औंसाचं लिबर्ताद ३६ मिलिमीटरचं, जुन्या धाटणीचं. १९९६पासून ते ४० मिलिमीटरचं झालं, वजन तेवढंच, म्हणून थोडं पातळ. त्या नव्या रूपात देवता किंचित वळून उभी आहे आणि डोंगर जास्त उठून दिसतात. शेवटी जन्मवर्ष ठरवलं, २००४.

ग्रेड केलेलं, स्लॅबमधलं (म्हणजे तज्ज्ञांनी दर्जाचे गुण देऊन प्लास्टिकच्या बंद पेटीत सील केलेलं) घ्यावं का यावर दोन दिवस घातले. ज्याला विकायचं आहे त्याने जरूर घ्यावं. १ ते ७०ची ही मोजपट्टी शेल्डनने १९४९मध्ये मांडली ती जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. आज ६९ आणि ७०मधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि त्यासाठी पैसे मात्र भरपूर मोजावे लागतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे स्लॅबमधलं नाणं हातात घेता येत नाही. प्रूफ, म्हणजे खास चकचकीत साच्यांनी पाडलेलं नाणं, तेही याच कारणासाठी बाद. आरशासारख्या पृष्ठभागावर एक बोट लागलं की संपलं. प्रूफ ही बनवण्याची पद्धत आहे, दर्जा नव्हे, हे नवीन मंडळींना पुन्हा एकदा सांगून ठेवतो. साधं, न वापरलेलं नाणं ठरलं.

पाचवा आठवडा

पहिलं नाणं आलं आणि परत गेलं. विक्रेत्याच्या फोटोत ते लखलखत होतं, तिथेच शंका यायला हवी होती. वीस वर्षांच्या चांदीला इतकी झळाळी? खोलीतले दिवे घालवून एकच टेबललॅम्प लावला आणि नाणं त्याच्याखाली हळूहळू फिरवलं. चांगल्या नाण्यावर प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. इथे तो फिरलाच नाही. त्याऐवजी देवतेच्या पंखाशेजारच्या मोकळ्या जागेत बारीक, समांतर रेघांचा झुबका उजळला आणि पंखाच्या कडेपाशी तुटला. कुणीतरी फडक्याने घासून चकचकीत केलेलं. डोंगरांच्या माथ्यावरचा दाणेदार पोतही गुळगुळीत झालेला. विक्रेत्याने कुरकुर करत परत घेतलं.

भावांनो, पुसू नका. काळं पडलं तर पडू द्या.

सहावा आठवडा

दुसरं आलं. कडेला फिकट सोनेरी छटा, मध्ये मऊ पांढरं, दिव्याखाली प्रकाश छान फिरला. टांकसाळीची खूण, म्हणजे डोक्यावर बारकं वर्तुळ घेतलेला एम, अगदी स्पष्ट. ही टांकसाळ १५३५मध्ये सुरू झालेली, अमेरिका खंडांतली सर्वांत जुनी. नाण्यावर दर्शनी किंमत छापलेली नाही, फक्त एक औंस शुद्ध चांदी असा मजकूर.

तपासणी केलीच. वजन ३१.१३ ग्रॅम, असायला हवं ३१.१०च्या आसपास. लोहचुंबक तिरप्या नाण्यावरून सावकाश घसरत उतरला, चिकटला नाही की सटकला नाही, चांदीवर असंच व्हायला हवं. मग पाण्याची चाचणी. पेल्यात डिस्टिल्ड पाणी घालून पेला काट्यावर ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याच्या फासात अडकवून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. हात थरथरला की आकडा नाचतो, म्हणून मी कोपर पुस्तकांच्या थप्पीवर टेकवलं. २.९७ आलं. नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की १०.४८, चांदीची घनता १०.४९. चांदीचा मुलामा दिलेलं पितळ इथे उघडं पडतं: वजन बरोबर जमवायचं तर त्याला आकाराने मोठं किंवा जाड व्हावंच लागतं. पाण्यातून काढून अ‍ॅसिटोनमध्ये एक बुचकळी आणि हवेवर वाळवणं. टिपलंही नाही.

सातवा आठवडा

डबीने दगा दिला. आतून मखमल लावलेली सुंदर लाकडी डबी पहिल्या आठवड्यातच आणली होती, आणि शंका म्हणून तेव्हाच तिच्यात चांदीचं एक झिजकं नाणं टाकून ठेवलं होतं. आज उघडली तर नाण्याची मखमलीकडची बाजू पिवळट तपकिरी झालेली. कापडाच्या रंगात किंवा गोंदात गंधक असणार. मखमल उपटून काढली, गोंद खरवडला, पण लाकडावरही माझा भरवसा उरला नाही. नाणं जाईल ते कडक पारदर्शक कॅप्सूलमध्ये. त्यातही माझी चूक झालीच: ईगलसाठीची ४०.६ मिलिमीटरची मागवली, लिबर्ताद तिच्यात खुळखुळ वाजलं. ४०ची मागवली तेव्हा बसलं. मऊ प्लास्टिकच्या पाकिटाच्या वाटेला कुणी जाऊ नका, पीव्हीसीचा हिरवा चिकट थर चांदीवर बसतो.

सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवली. त्यात भूकंप आणि पायऱ्यांची गोष्ट आहे. डोंगरांबद्दल मुद्दाम एक ओळही लिहिली नाही.

आठवा आठवडा

दिलं. नाणं कसं धरायचं यावर माझं पाच मिनिटांचं भाषण तयार होतं. मी तोंड उघडायच्या आत तिने कॅप्सूल उघडली आणि नाणं थेट दोन बोटांत कडेने उचललं, खाली मऊ रुमाल पसरून. मी बघतच राहिलो.

"अरे मामा, थिन सेक्शन अशाच धरतो आम्ही. बोटाचा डाग पडला की सर ओरडतात." थिन सेक्शन म्हणजे काचपट्टीवर ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासून पातळ केलेला दगड, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तिने पिशवीतून स्वतःचं भिंग काढलं. दहापटीचं, माझ्याकडे आहे तसंच, फक्त दोरीला बांधलेलं आणि कडेला माती लागलेलं. देवतेकडे तिने पाहिलंही नाही.

"हे दोन डोंगर कोणते? एक तर नक्की स्ट्रॅटोव्होल्कॅनो आहे."

मी सांगितलं. पुढचा अर्धा तास मी ऐकत होतो आणि ती बोलत होती. मॉर्गनचा विषय निघाला नाही.