रोर्क्स ड्रिफ्ट : दवाखान्याचा नकाशा पायांनी वाचताना

दक्षिण आफ्रिकेतल्या डंडी गावाहून इथवर साधारण ४० किलोमीटर. शेवटचा टप्पा खडीचा आहे, वेळ हाताशी ठेवूनच निघावं. शक्य असेल तर आधी इसांडलवाना करा. २२ जानेवारी १८७९ ला दुपारी तिथली ब्रिटिश छावणी कापली गेली आणि साडेचारच्या सुमारास तीनेक हजारांवर झुलू योद्धे म्झिन्याथी नदी ओलांडून रोर्क्स ड्रिफ्टच्या या मिशनवर आले; इथे ब्रिटिश फौजेचा दवाखाना होता. आत माणसं जेमतेम दीडशे, त्यातली तीसेक आजारी.

मी म्हणेन, संग्रहालयात लगेच शिरू नका. ही इमारत नंतरची; मूळ दवाखाना त्या रात्रीच जळाला. आधी अंगणातल्या दगडांच्या ओळी धरून चाला, बचावाचा तट तिथेच होता. मक्याची पोती नव्वदेक किलोची, म्हणजे एकट्याला उचलायची नाहीत. समोरच्या बाजूला ती खडकाच्या कडेवर रचली, म्हणून बाहेरून चढण दुप्पट झाली. मध्ये बिस्किटांच्या खोक्यांची आडवी भिंत घातली ती लेफ्टनंट चार्डने, माघारीची सोय म्हणून. रात्री तीच उपयोगी पडली.

हेन्री हूक हा दवाखान्याचा स्वयंपाकी शिपाई. त्याचं शौर्य कळायला घराची रचना कळली पाहिजे. खोल्या चिंचोळ्या, कित्येकींना आतून दारच नाही. बाहेर पडायचं तर थेट शत्रूच्या पुढ्यात. वर गवताचं छप्पर पेटलेलं. मग त्याचा साथीदार शिपाई जॉन विल्यम्सने आतली भिंत फोडायची, रुग्ण भगदाडातून पलीकडे ओढायचे, आणि तोवर हूकने संगीन रोखून वाट अडवायची. असं एकामागून एक खोलीत. संगिनीसकट मार्टिनी-हेन्री रायफल सहा फुटांची, आखूड भाल्याला तेवढी पोहोच नाही. पण सतत गोळीबाराने नळी तापे, बंदुकीच्या काळ्या दारूची काजळी धरे आणि पातळ पितळी काडतूस आतच अडकून बसे. शेवटचा रुग्ण कॉनली, पायाने अधू आणि अंगाने जड. त्याला हूकने अक्षरशः फरफटत नेलं. पुढे उंचावरची खिडकी, आणि तिथून खोक्यांपर्यंत उघडं अंगण.

पहाटेपर्यंत वीसेक हजार गोळ्या झाडून झाल्या होत्या. आतले १७ मेले. बाहेर साडेतीनशेच्या वर प्रेतं मोजली, आणि उजाडल्यावर जखमी झुलूंनाही मारलं गेलं. इथे मिळालेल्या अकरा व्हिक्टोरिया क्रॉसच्या (ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक) गोष्टीत हे सहसा येत नाही.

हूकला पदक ३ ऑगस्टला इथेच मिळालं, जनरल वुल्झलीच्या हातून. झुलूंचं स्मारक याच आवारात आहे : ढालींच्या ढिगावर पहुडलेला ब्राँझचा बिबट्या.