चार दिवस घर सोडलं आणि...

लेकीकडून आज दुपारी रेडिंगला परतले. बॅग दारातच टाकून आधी मागच्या वाफ्याकडे धावले. निघताना बोटाएवढ्या होत्या त्या दोन कोर्जेट पानांखाली लपून चक्क दुधीएवढ्या झालेल्या! इथे इंग्लंडात अशी फोफावली की तिचं नावच बदलतं, 'मॅरो' म्हणतात. (अमेरिकेतली बहीण मुळात झुकिनीच म्हणते, ते वेगळं.)

जूनमध्ये उलट रडगाणं होतं. फुलं ढीगभर, पण इवलंसं फळ टोकाकडून पिवळं पडून कुजायचं. पावसाळी हवेत मधमाश्या फिरकतच नव्हत्या. शेवटी सकाळी फुलं उमललेली असताना मीच लागले कामाला. मादी फुलामागे चिमुकलं फळ असतं, नराला नुसता लांब देठ. नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या, पराग मादी फुलात फिरवला. आई परसात भोपळ्याला हेच करायची, तेव्हा आम्ही हसायचो. कोर्जेट म्हणजे भोपळ्याचीच भाऊबंद.

खरं तर वीतभर असतानाच तोडावी. साल कोवळी असते आणि रोपही नवी फळं धरत राहतं. दोघांना एक रोप पुरे. मी हावरटासारखी चार लावली.

आज एकीच्या जून बिया काढून किसली, मीठ लावून पिळली, त्याच पाण्यात भाजणी भिजवून थालीपीठं. दुसरी शेजारच्या आजोबांना द्यायला निघाले, तर आमच्या पायरीवर त्यांच्याच दोन ठेवलेल्या!