भोरगिरी ते भीमाशंकर : ऐनापासून अंजनापर्यंत

भीमाशंकरला बहुतेक जण मंचरवरून गाडीने जातात, दर्शन घेतात आणि परततात. अभयारण्य त्यांना खिडकीतून दिसतं, सगळं एकाच रंगाचं. तेच जंगल झाडागणिक बघायचं असेल तर भोरगिरीची वाट धरावी. राजगुरुनगरहून वाड्यामार्गे भोरगिरीला एसटी जाते, चासकमान धरणाचं पाणी बराच वेळ सोबत असतं. गावात भीमेच्या काठी कोटेश्वराचं देऊळ आहे. तिथून पश्चिमेकडे पायवाटेने निघालं की काही तासांत भीमाशंकर. चढ फारसा अंगावर येत नाही. आम्ही गेलो ते फाल्गुनात, मुद्दामच. पानगळ झालेली असते, त्यामुळे खोडं मोकळी दिसतात, आणि माथ्यावर अंजनाच्या फुलांचे दिवस असतात.

सोबत गावातले एक मामा होते, महादेव कोळी समाजातले, जन्म याच रानात गेलेला. सुरुवातीलाच ते एका झाडापाशी थांबले आणि खोडावर हात ठेवून म्हणाले, "ह्यो ऐन. ह्याला पान नसलं तरी वळखता आलं पायजे." ऐनाची साल काळपट, उभ्या-आडव्या भेगांनी चौकोन चौकोन फुटलेली, थेट मगरीच्या पाठीसारखी. एकदा पाहिली की विसरत नाही. खाली पाचोळ्यात पाच पंखांची सुकी फळं पडलेली होती, ती ऐनाचीच. गळलेलं पान उलटं करून बघितलं तर मधल्या शिरेच्या बुडाशी दोन बारीक गाठी दिसतात. तोच प्रकार हिरड्यात, फक्त गाठी देठाच्या वरच्या टोकाला, पातं सुरू होतं तिथे. ऐन, हिरडा, बेहडा, अर्जुन ही सगळी एकाच कुळातली, म्हणून ही खूण लक्षात ठेवली की अर्धी वाट सोपी होते. बेहडा मात्र लांबूनच कळतो, पानं फांदीच्या टोकाला गोळा झालेली असतात आणि फळावर करडी मखमल असते.

हिरड्यापाशी आम्ही बराच वेळ बसलो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या घरांना वर्षाचा रोख पैसा देणारं हे झाड आहे. कोवळी फळं काढून उन्हात वाळवली की काळी पडतात, तो बाळहिरडा. तो औषधाला जातो. पिकलेला हिरडा कातडं कमावायलाही वापरतात. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ या डोंगरांवरून गेलं तेव्हा हिरड्याचं मोठं नुकसान झालं आणि भरपाईसाठी लोकांना आंदोलन करावं लागलं. शेतातलं पीक आडवं झालं तर पंचनामा होतो, रानातल्या झाडाचं काय, हा प्रश्न इथे खरोखरच पोटाचा आहे. जंगल बघायला येणाऱ्यांनी हे ठाऊक करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मामांना हिरड्याचं झाड दाखवा, ते आधी यंदा बहर कसा आहे ते सांगतात, मग बाकीचं.

वाटेत कुंभा भेटला, पिकून लाल झालेल्या पानांचा. गेळ्याचे काटे आणि करवंदीच्या जाळ्या तर पावलोपावली. कारवी उभी होती, वाळकी. दर सात वर्षांनी एकदम फुलून मरणारी हीच ती. तिच्या काठ्यांचे कूड अजून काही घरांना आहेत, त्यावर शेणमातीचा गिलावा.

मग एका टप्प्यावर रान बदललं. बदल इतका ठळक की पुढे चालणारा थांबलाच. पायाखालचा करकरणारा पाचोळा संपला, सावली गार झाली, मोकळ्या फांद्यांच्या जागी वर सलग छत आलं. नीट बघितलं तर याचं कारण जमिनीतच आहे. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला लाव्हा. त्यातले टणक थर कडे होऊन उभे राहतात आणि ठिसूळ थर झिजून त्यांची सोंडेसारखी उतरण किंवा पायरी तयार होते. माती साठते ती या पायऱ्यांवर, म्हणून दाट रानाचे पट्टेही तिथेच. दुसरी गोष्ट पावसाची. घाटमाथ्यावर चार महिन्यांत धो धो कोसळणारा पाऊस आणि धुकं आहे, ते पूर्वेकडे काही किलोमीटरवर झपाट्याने कमी होतं. भोरगिरीकडच्या उतारावर ऐन-हिरड्यासारखी पानं गाळून उन्हाळा काढणारी झाडं, माथ्यावर बारमाही हिरवी. झाड ओळखता आलं की तुम्ही माथ्यापासून किती दूर आहात ते नकाशाशिवाय कळतं.

माथ्यावरच्या रानाची तीन नावं पाठ करावीत : अंजन, जांभूळ, पिसा. महाबळेश्वरचं रानही याच तिघांचं. अंजन बुटका, एका बुंध्यातून अनेक खोडं निघालेला. पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, आणि मधली शीर सोडली तर दुसरी शीर जवळजवळ दिसतच नाही, हीच खूण. खानदेश-विदर्भातला अंजन निराळा, त्याला आपट्यासारखी जोडपानं असतात. इथल्या अंजनाची फुलं पानांच्या आड, जुन्या फांद्यांच्या पेरांवर गच्च लगडतात, निळी-जांभळी. आम्ही गेलो तेव्हा एका ओळीतली झाडं खालपासून वरपर्यंत निळी झाली होती आणि त्यांवर मधमाश्यांचा असा गजर की एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागत होतं. इतकं देखणं झाड आपल्याकडे असताना रस्त्याकडेला परदेशी झाडं का लावतात, हे मला समजत नाही.

जांभूळ आणि पारजांभूळ यांत घोटाळा हमखास होतो. जांभळाचं पान चुरगळा, वास येतो, आणि कडेलगत एक बारीक शीर धावताना दिसते. पारजांभळाच्या पानाला कडेला दाते असतात, वास नाही. पिशाचं पान उलटं केलं की खालची बाजू पांढुरकी, आणि कोवळी पालवी झुबक्याने खाली लोंबते.

छत सलग असलं की शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, आलंच. ते जमिनीवर क्वचितच उतरतं, फांदीवरून फांदीवर उड्या मारत जातं. बारीक काटक्या-पानांची गोल घरटी ते फांद्यांच्या टोकाला बांधतं, एकाची अनेक असतात. 1985 साली जाहीर झालेलं हे सुमारे 130 चौरस किलोमीटरचं अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठी ओळखलं जातं. म्हणून रस्ता रुंद करायला दहा झाडं काढली तर नुकसान फक्त दहा झाडांचं होत नाही. छताला भगदाड पडतं आणि शेकराची वाट तुटते. गुप्त भीमाशंकरच्या अलीकडे आम्हाला एक दिसलं, तांबूस-तपकिरी, पोट पिवळसर, शेपूट अंगाहून लांब. मामांनी त्याचा खडखडाट आधी ऐकला होता, मग बोटाने दाखवलं.

गुप्त भीमाशंकरला कातळातली पिंड आहे. देवळापाशी उगम पावलेली भीमा लुप्त होऊन इथे पुन्हा प्रकटते, असं मानतात. फाल्गुनात पाणी थोडंच. इथून देऊळ जवळ, आणि दुर्दैवाने प्लास्टिकही इथूनच सुरू होतं. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, प्रसादाच्या पिशव्या, अगदी अंजनाच्या बुंध्याशी. आम्ही एक पोतं भरलं, तरी उरलंच.

जाणार असाल तर सकाळी लवकर भोरगिरी सोडा, गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याला योग्य मोबदला द्या. पानं तोडू नका, खाली पडलेली पुरतात. एक वही आणि साधं भिंग जवळ असू द्या. आषाढ-श्रावणात हीच वाट धुक्यात आणि जळवांत बुडालेली असते. कुजक्या लाकडावर रात्री उजळणारी बुरशी बघायची असेल तर तेव्हाच यावं लागतं, पण खोडं आणि साली ओळखायला फाल्गुन-चैत्रच बरा.