नळे परतायचं काम आणि स्कूटरच्या ट्यूबचा मास्कपट्टा

मे महिना लागला की आमच्या माशेलच्या घरात बाकी सगळे विषय बंद आणि एकच सुरू, नळे कधी परतायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतोच, त्याच्या आत छपरावरचे नळे, म्हणजे कौलं, काढून, झाडून, फुटलेले बदलून परत लावायचे, रिपा कुजल्यात का बघायच्या, वाशांना वाळवी लागलीय का बघायचं. कामाला माणसं मिळणं कठीण, मिळाली तरी खालची झाडलोट घरच्यांनीच करायची. आणि ती झाडलोट म्हणजे काय ते ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यांना नाही कळायचं! वर्षभराची काजळी, जळमटं, वाशांतला भुसा, वटवाघळांची लेंडी, वरून माळ्यावरच्या माणसानं एक नळा हलवला की सगळं खाली तुमच्या तोंडावर.

कोविडच्या वेळचे सर्जिकल मास्क घरात अजून भरपूर आहेत, खोक्यावर बीएफई (म्हणजे जंतू किती अडतात त्याचा आकडा) ९८ टक्के वगैरे छापलेलं. तर म्हटलं ते लावून काम करूया. लावले. दुपारी आंघोळीच्या आधी आरशात बघितलं तर नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालाकडे काळ्या रेघा, हनुवटीखाली एक, आणि मास्कनं झाकलेला मधला भाग बऱ्यापैकी स्वच्छ. म्हणजे कापडातून काही आलंच नव्हतं, सगळं आलं होतं कडेनं. त्या रेघा म्हणजे हवा नेमकी कुठून आत शिरते त्याचा आयता नकाशाच की.

आणि ते बरोबरच आहे. बीएफईचा आकडा कापडाचा असतो, साधारण ३ मायक्रॉनचे थेंब त्या कापडावर मारून किती अडतात ते मोजतात. तुमच्या चेहऱ्यावर तो मास्क कसा बसतो याचा त्या आकड्याशी काहीएक संबंध नाही. गाळणी कितीही बारीक असली तरी चहा तिच्या कडेनं ओतला तर चोथा कपात येणारच. हवेला जिथं कमी अडथळा तिथून ती जाणार, आणि मास्क घामानं भिजला की त्यातून श्वास घेणं अजून जड होतं, मग हवा अजूनच कडेनं. गोव्यातल्या मे महिन्यात मास्क भिजायला किती वेळ लागतो ते सांगायला नको.

एन९५ घे ना मग, असं भाई म्हणाला. बरोबर आहे त्याचं, डोक्यामागून दोन पट्टे असलेला खरा एन९५ नीट बसला तर त्याच्यासारखं काही नाही. पण घरात पाच-सहा जण काम करणार, धुळीत तो लवकर खराब होणार, आणि बाजारात एन९५ म्हणून कानात अडकवायचे जे मिळतात त्यातले कितीतरी गालावर इतके सैल बसतात की सर्जिकल परवडला.

मला आठवत होतं की कोविडच्या काळात यावर बरंच काम झालेलं. २०२० मध्ये अमेरिकेत अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या काही इंजिनिअरांनी ‘फिक्स द मास्क’ म्हणून एक उद्योग सुरू केला, त्यांची पहिली आयडिया तर चक्क तीन रबरबँडांची होती, एकात एक अडकवून साखळी करायची, मधला रबरबँड मास्कवरून नाक आणि हनुवटीभोवती बसवायचा आणि बाजूचे दोन कानात. विस्कॉन्सिन विद्यापीठानं ‘बॅजर सील’ म्हणून एक काढलं, त्यात नाकावर वाकणारी तार आणि भोवती इलास्टिक, आणि त्याचं डिझाइन त्यांनी सगळ्यांना फुकट दिलं. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनंसुद्धा मास्क चेहऱ्याला घट्ट बसवायचे उपाय सांगितले, दोन मास्क लावा, कानाच्या दोरीला मास्कजवळ गाठ मारून कडा आत दुमडा, नाहीतर मास्कवरून लावायचा असा फिटर वापरा. म्हणजे सगळे कडेच्या फटीच्याच मागे लागलेले. आपल्याकडे मात्र तेव्हा चर्चा कुठली, तर कापडाचा बरा की तीन पदरी बरा, आणि आमच्या आईनं तर सर्जिकल मास्क साबणानं धुऊन दोरीवर वाळत घातलेले. त्यात मधला जो पातळ पदर असतो ना, त्याच्यावर स्थिर वीज असते आणि बारीक कण ती खेचून धरते, साबण किंवा स्पिरिट लागलं की ती गेली. बाहेरून मास्क तसाच दिसतो म्हणून कोणाला पटत नाही.

तर रबरबँडचा प्रयोग आधी केला. काम करतो, पण बारीक रबरबँड नाकाच्या हाडावर रुततो आणि कान तर इतके दुखतात की अर्ध्या तासात काढून फेकावासा वाटतो. रुंद पट्टी पाहिजे हे कळलं. घरात रबरची शीट कोणाकडे असते? मग गेले आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे, स्कूटरची जुनी ट्यूब मागितली. “कित्याक जाय तुका?” (कशाला हवी तुला?) म्हणून त्यानं विचारलं, सांगितल्यावर इतका हसला, पण कोपऱ्यातल्या ढिगातून बऱ्यातली एक काढून दिली आणि पैसे नको म्हणाला. ट्यूब जुनी चालते, फक्त भेगा पडलेली नको, ताणून बघायची, बारीक चिरा दिसल्या तर सोडून द्यायची.

ट्यूब कात्रीनं लांबीत कापून उघडली की आतून पांढरी पावडर निघते, रबर चिकटू नये म्हणून असते ती. साबणानं घासघासून धुवायची, नाहीतर धूळ टाळायला निघालो आणि पावडर हुंगत बसलो असं व्हायचं. मग एक दिवस सावलीत वाळवायची, वास पूर्ण जात नाही पण कमी होतो. आता एक मास्क घेऊन त्यावर ठेवायचा, मास्क साधारण साडेसतरा बाय साडेनऊ सेंटिमीटरचा असतो, आणि खडूनं एक लांबट गोल आखायचा, वरची कड नाकाच्या हाडावर येईल, बाजू गालावर आणि खालची हनुवटीच्या खाली. आतला भाग कापून काढायचा म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची चौकट उरते. आतली खिडकी जेवढी मोठी तेवढं बरं, कारण श्वास त्या खिडकीतल्या कापडातूनच घ्यायचाय, ती लहान ठेवली तर जीव गुदमरतो आणि मास्क तोंडाला चिकटतो. चौकट चेहऱ्यापेक्षा थोडी लहानच कापायची, रबर ताणलं गेलं तरच ते कडा दाबून धरणार. ट्यूब मुळात गोल असल्यामुळे ती टेबलावर सपाट बसतच नाही, कापताना त्याचा वैताग येतो पण गालावर तीच गोलाई कामाला येते. कोपरे गोल करायचे, टोकदार कोपऱ्यापासून रबर फाटत जातं.

कानाचं काय? कानावर ताण नकोच. दोन्ही बाजूंना वर-खाली अशी चार भोकं पाडली (पंच नव्हता, तापवलेल्या खिळ्यानं पाडली, अंगणात बसून, कारण धूर भयंकर येतो, शक्य असेल तर पंचच वापरा), आणि परकराच्या नाडीसारखं जे इलास्टिक मिळतं ते ओवून एक पट्टा डोक्याच्या वर मागे आणि दुसरा मानेवर. वरच्या पट्ट्याला दुकानातून आणलेलं छोटं प्लास्टिकचं स्टॉपर लावलं म्हणजे घट्ट-सैल करता येतं. आधी मास्क नेहमीसारखा लावायचा, नाकाची तार दाबून बसवायची, मग वरून हा रबरी पट्टा.

बसला की नाही ते कसं कळणार? चष्मेवाल्यांना लगेच कळतं, चष्म्यावर वाफ आली तर नाकाजवळ फट आहे. माझा चष्मा आधी सारखा धुरकट व्हायचा, पट्टा लावल्यावर तो स्वच्छ राहिला, मला तर एवढ्यासाठीसुद्धा ही खटपट चालली असती. दुसरं म्हणजे जोरात श्वास घेतला की मास्कचं कापड आत ओढलं जायला पाहिजे आणि सोडला की फुगायला पाहिजे. आणि बोटं पाण्यात भिजवून कडेनं फिरवायची, गार वाटलं तिथून हवा निसटतेय. कारखान्यांत याची रीतसर टेस्ट असते, डोक्यावर हूड घालून सॅकरिनचा फवारा मारतात आणि तोंडाला गोड लागलं तर मास्क नापास, पण ती खऱ्या रेस्पिरेटरसाठी. आपल्याला आरशातल्या रेघा पुरेत. दुसऱ्या दिवशी भुसा आणि काजळी तेवढीच पडली पण माझ्या गालावरच्या रेघा गेल्या, नाकातून काळं येणंही जवळजवळ बंद.

बाबांच्या मात्र तशाच राहिल्या. कारण दाढी. खुंटं वाढलेली असली की रबर कातडीला टेकतच नाही, मधून हवा जातेच, त्याला कुठलाही पट्टा काही करू शकत नाही. मिशी चालते, ती खिडकीच्या आत राहते. “नळ्यांसाठी दाढी करू काय?” असं म्हणून ते माळ्यावर चढले, मग मी त्यांना खाली उतरवून पडवीत फुटके नळे निवडायला बसवलं.

आता कुठं वापरू नये ते सांगते, कारण पट्टा लावला की माणसाला उगाच जोर येतो. वाशांना वॉर्निश किंवा वाळवीचं औषध मारताना याचा काही उपयोग नाही, वाफ कापडातून सरळ येते, अडतात ते फक्त कण. गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर हे लावून हात लावू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते काम जाणकारांचं. वटवाघळांची लेंडी सुकी झाडू नका, आधी पाणी शिंपडून ओली करा मग गोळा करा, मास्क असला तरी. दमा असणाऱ्यांनी आणि रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी विचारून घ्या. आणि मास्क भिजला की बदला, पट्टा तोच, धुऊन परत लावता येतो.

ट्यूब उन्हात ठेवू नका, कडक होऊन चिरते. एका ट्यूबमधून घरातल्या सगळ्यांचे पट्टे निघून वर तुकडा उरतो, मुलांसाठी वेगळं माप आखा, मोठ्यांचा त्यांना सैल होतो.